सणसवाडीतला साफ केलेला प्लॉट

पहाटेच्या एसटीत पाय ठेवला तेव्हाच गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली. पुण्याहून शिरूर, तिथून उलटं सणसवाडी आणि संध्याकाळी घर. वैशाखात कुठला शहाणा माणूस एवढी वणवण करतो? पण वर्षभर माझं हेच चाललं होतं. निवृत्त शिक्षिकेला दुसरे उद्योग नाहीत, असं घरचे म्हणतात. दौंड आणि शिरूरच्या भरवस्तीत, माणसांच्या पायांत जे रान उरलं आहे, त्याची ऋतूंप्रमाणे नोंद ठेवायची आणि भेटेल त्याला ते जपायला सांगायचं, असं मी ठरवून बसले होते. ही शेवटची फेरी. तीत मला एकच गोष्ट मनापासून बघायची होती: सणसवाडीच्या मोकळ्या प्लॉटवर टिटवीची पिल्लं बाहेर आली का.

पावसाळ्यात दौंडला रेल्वेच्या कुंपणाशी टाकळा आणि कुर्डू (या दोन्हींच्या कोवळ्या पानांची भाजी होते) एवढे माजले होते की बायका ओट्या भरून नेत होत्या. थंडीत तिथंच धोतऱ्याची काटेरी बोंडं आणि पायाखाली गोखरूचे काटे. आता उन्हाळ्यात शिरूरला उतरले, तर घोड नदीच्या पात्रात डबकी उरलेली, कडेला जलपर्णी सुकत पडलेली. एक वंचक (बगळ्यासारखा मातकट पक्षी) गाळात उभा होता. मी वाकून त्याच्याकडे बघत होते, तर कपडे धुणाऱ्या एका बाईंनी हटकलं.

"काय पडलं का वो? सोन्याचं हाय का काय?"

"नाही हो, पाखरू बघतेय."

"त्यापायी गाडीभाडं घालून आलाव? पुण्यात न्हाईत व्हय पाखरं?"

मला हसू आलं. खरंच, कशासाठी आले होते मी? स्टँडवर भेळ खाल्ली, बाटलीतलं कोमट पाणी प्यायले आणि सणसवाडीची गाडी धरली. वाटेत डुलकी लागली आणि शेजारच्या कामगाराच्या खांद्यावर डोकं टेकलं. "कोई बात नहीं, माताजी," तो म्हणाला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सणसवाडीचा तो प्लॉट आप्पांचा. आप्पा जुने शेतकरी. जमीन गेली आणि कारखाने आले, तसे कामगारांना खोल्या भाड्यानं देतात. दोन चाळींमधला हा तुकडा तेवढा मोकळा राहिला होता. त्यावर रुई होती, पिवळ्या फुलांचा तरवड होता, आणि गेल्या फेरीला, तीन आठवड्यांपूर्वी, उघड्या मुरमात चार अंडी दिसली होती. टिटवी घरटं बांधत नाही. खडे जरा बाजूला सारते, तेवढंच. अंडीही खड्यांसारखीच दिसतात. कुत्री आणि पोरं मागे लागतील म्हणून मी कुणालाच बोलले नव्हते. आणि आजवर न सांगताच येत होते. या खेपेला मात्र अंग फारच मोडून आलं होतं, घटकाभर सावलीत बसता येईल का, एवढंच विचारायला परवा आप्पांना फोन केला होता.

पोचले तर प्लॉटवर हिरवं शेडनेट, त्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या, शेजारपाजारची माणसं. रुई नव्हती. तरवड नव्हता. जमीन अंगणासारखी सपाट.

"या बाई! वरीसभर तुम्ही उन्हातान्हात इथं येता, आन् आमी काटंकुटं तसंच ठिवलं. कालच जेसीबी लावला. म्हटलं, बाईंचा सत्कार करायचा तर जागा बरी दिसाय नको?"

शाल, नारळ, टाळ्या. मी हात जोडले आणि अंडी होती त्या कोपऱ्यात चालत गेले. काही नव्हतं. नुसता दाबलेला मुरूम.

"आप्पा, इथं टिटवीची अंडी होती," मी म्हणाले, आणि आवाज चढलाच. "त्यांच्यासाठीच आले होते मी. गेली सगळी."

आप्पांचा चेहरा उतरला. "आधी सांगायचं न्हाई व्हय, बाई?"

त्यांच्या सुनेनं घरात मासवडी (बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेल्या वड्या) आणि झणझणीत रस्सा केला होता. जेवण फार चविष्ट होतं, आणि मी ते पोटभर जेवले, याची मला लाज वाटली.

हात धुवायला बाहेर आलो तर टिटवी आली होती. माणसं पांगली होती. ती त्या कोपऱ्यात तुरुतुरु गेली, थांबली, पिसं फुलवली आणि बसली.

"बाई!" आप्पांनी माझा दंडच धरला. "म्हंजी हायती की! अंडी हायती, त्याबिगर बसंल का ती? जेसीबीवाला कडंनं गेला आसंल बघा!"

मी ती जमीन मघाशीच नीट पाहिली होती; अंडी गेली तरी टिटवी सवयीनं त्याच जागी येऊन बसते. आप्पांकडे बघवेना. त्यांनी शेडनेट सोडवलं, खुर्च्या रस्त्यावर काढल्या, चाळीतल्या लोकांना मोठ्यानं दम भरला की आत कुणी पाय टाकायचा नाही.

परतीच्या गाडीतून वळून बघितलं. आप्पा भर उन्हात प्लॉटच्या तोंडाशी काठी घेऊन उभे होते. वर्षभर मी गावोगाव फिरून माझ्या परीनं सांगत आले की हे जपा, हे राखा. आज एक माणूस राखणीला उभा राहिला होता, आणि तिथं राखण्यासारखं काही उरलं नाही, एवढं त्याला सांगायचं बळ माझ्या अंगात नव्हतं.