शेठचं मडं आणि मासवडीची पंगत

जेवता जेवता खून, ही कल्पना माझ्या भाचीची. नाटक लिहिलं मी, म्हणजे फसलं तर बोलणी मीच खाणार. पाहुण्यांनी तिकीट काढून जेवायला यायचं, आमची नटमंडळी त्यांच्यातच बसणार, सूप संपता संपता एकाचा मुडदा पडणार आणि गोड येईपर्यंत खुनी कोण ते पाहुण्यांनी ओळखायचं. शनिवार-रविवारी लोणावळ्यात येणाऱ्या बंगलेवाल्यांना असली मजा हवीच असते. वलवणच्या एका बंगल्याची हिरवळ फुकट मिळाली, तेवढी माझी पुण्याई.

जमेल ते सगळं आंदर मावळातल्या मुलींना शाळेत नेणाऱ्या जीपसाठी जाणार होतं. तिथल्या एका गावातली शाळा सातवीला संपते. पुढची शाळा खाली, एसटी येते ती तिच्या मर्जीने, आणि एरवी रानातून पायपीट. स्वयंपाकाला त्याच गावातल्या बायकांचा बचत गट बोलावला होता. त्यांच्या म्होरक्या बाईंची मुलगी नुकतीच सातवी झाली होती आणि घरात तिच्यासाठी स्थळाची भाषा सुरू झाली होती. भाजी निवडताना त्या मला सरळच म्हणाल्या होत्या, "बाई, गाडी झाली तर पोर शिकंल. न्हाईतर मोडली शाळा."

मुडदा होणार होता त्यांचाच धाकटा दीर. एरवी पर्यटकांना पॉइंट दाखवणारा ड्रायव्हर, पण गावच्या जत्रेतल्या नाटकात हुकमी मरणारा. आमच्या नाटकात तो चिक्कीचा शेठ. डिटेक्टिव्ह होते आमचे हे. यांना चार वाक्यं सलग पाठ होत नाहीत, पण टोपी स्वतःची होती.

शेठ मेला मात्र झकास. चिक्कीचा तुकडा तोंडात टाकला, डोळे फिरवले आणि खुर्चीसकट आडवा झाला. टाळ्या पडल्या. यांनी भिंग काढलं. आता मासवडी, आमटी, इंद्रायणीचा भात यायला हवा होता. येईना. हे तीच तीच वाक्यं फिरवून बोलू लागले आणि पाहुणे घड्याळं बघू लागले, तशी मी तावातावाने मागे गेले.

बायका भरल्या पातेल्यांपाशी हात बांधून उभ्या.

"अहो, वाढा ना! काय झालं?"

"मडं हाय तितं," बाई म्हणाल्या. "मडं उठल्याबिगर आमी ताट वाढत न्हाई."

"अहो, ते नाटक आहे! तो तुमचा दीर आहे, जिवंत आहे!"

"कळतंय मला. पर पडलाय न्हवं?"

मी लिहिलेल्या नाटकात मुडदा गोडापर्यंत तिथेच पडून होता. घरात प्रेत असताना चूल पेटत नाही, हे मलाही लहानपणापासून माहीत, पण लिहिताना आठवेल तर शपथ. मी चिडले, विनवलं, शेवटी जीपची आठवण दिली. त्यावर तर त्यांनी मानच फिरवली. आता लोक उठून जाणार आणि बाईंच्या मुलीचं लग्न आपल्या हातून लागणार, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

मग बाईंनीच पदर खोचला, तरातरा हिरवळीवर गेल्या आणि जेवायला बसलेल्यांना म्हणाल्या, "चौघं या हिकडं. खांदा द्या."

पाहुण्यांना वाटलं, हेही नाटकातलंच. चौघे इस्त्रीतले गृहस्थ उठले. शेठला बाकड्यावर घेतलं. तो हसू दाबून इतका गदागदा हलत होता की बाकडं डुगडुगत होतं. पुढे मडकं धरायला कुणी हवं, म्हणून आमचे हे सूपचा वाडगा घेऊन चालू लागले. नाटकात त्यांनी चोख केलेलं हे एकमेव काम, तेही पाठ न करता. मागे सगळी पंगत खोटं खोटं रडत फाटकापर्यंत गेली. परत आल्यावर बाईंनी बागेचा पाइप सोडला.

"हातपाय धुवा. मंग बसा."

उंची सँडल काढून लोक रांगेने पाय धूत होते. मग काय वाढलं आणि काय जेवले! खुनी कोण, ते कुणी विचारलंच नाही. मुडदा मागच्या दारी सगळ्यांच्या आधी जेवला होता. निघताना लोकांनी पेटीत तिकिटाच्या वरही टाकलं, आणि जीप झाली.

भांडी घासताना मी बाईंना विचारलं, "मी जीपचं नाव काढलं, तरी ऐकलं नाहीत. लोक उठून गेले असते तर?"

"म्हून तर न्हाई ऐकलं. माझ्या पोरीच्या गाडीचं पयलं काम, बाई. मड्याम्होरं सुरू करू व्हय?"

मी त्यांचे ओले हात धरले. त्या संध्याकाळचे आभार मी अजून मानते. त्या बाईंचे, खांदा दिलेल्या चौघांचे, आणि हो, यांच्या वाडग्याचेही.

जीप चालवायला तोच दीर आहे. एकदा सकाळी मी खाली शाळेच्या फाटकाशी उभी होते. जीप थांबली. बाईंची मुलगी, आता दहावीतली, दप्तर सावरत उतरली. मी त्याला हाक मारली, "काय शेठ, बरं आहे ना?"

"मरायला येळ कुटं हाय, बाई," तो म्हणाला. "अजून एक खेप ऱ्हायलीय. वरल्या वाडीच्या पोरी वाट बघत्यात."