राबाचा धूर

शेण, वाळलेला पाला आणि ऐनाच्या फांद्या एकत्र जळू लागल्या की घशाला झोंबणारा, तरी हवाहवासा असा एक वास सुटतो. वैशाखात तो कुठूनही आला की माझे चित्त आजही थाऱ्यावर राहत नाही. शहापूरजवळच्या सापगावात मी मास्तर होतो, त्या दिवसांतला हा वास. भाताचे बी पेरण्याआधी तिथे जमिनीच्या तुकड्यावर फांद्या-पाला पसरून जाळतात. त्याला राब म्हणतात. राब नाही तर रोपाला जोम नाही, आणि रोप खुरटले तर वर्षाचे भात गेले. देशाचे सारे अर्थशास्त्र त्या राखेत होते, पण ते मला कुठे ठाऊक होते!

मला ठाऊक होते ते कागदावरचे. दोन दिवस शिळे झालेले वर्तमानपत्र मी पारावर वाचून दाखवी. महायुद्ध, चलेजाव, रेशन, फाळणी. विचाराल ते सांगायला मी तयार. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरे काय! वाचून झालेले अंक मात्र मी नीट बांधून ठेवत असे, कारण तो माझ्या लेखी इतिहास होता.

स्वराज्य आले. झेंडा चढला, साखर वाटली. ज्यांच्या पडवीत मी राहत असे त्या तुळसाबाई विधवा, एकट्याने शेती करणाऱ्या. त्यांनी मला हळूच विचारले, "मास्तर, आता सरकारी जंगल आपला झाला ना? ऐनाची फांदी तोडली तं कोन अडवनार नाय?"

"अहो, आता कोण अडवणार? राज्य आपलं!" मी म्हणालो.

पौषात त्या कोयता घेऊन जंगलात गेल्या. रखवालदार तोच होता आणि नियमही तेच होते. फांद्यांचे भारे जप्त झाले, कोयताही गेला. परत येऊन त्या नेहमीसारख्या कामाला लागल्या, आणि तेच मला सोसवेना. राजसत्ता बदलते म्हणजे नेमके काय बदलते? हे मी आधी स्वतःला का विचारले नाही?

वैशाखात शेजाऱ्यांचे राब पेटले. तुळसाबाईंचा तुकडा उघडाच पडलेला. न राहवून मी माझ्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे उचलून तिथे नेऊन टाकले. तुळसाबाई प्रथमच हसल्या.

"कागदाची राख वारा नेल, मास्तर. कागद वाचाया ठेवा. टोपली घ्या, रस्त्याकडंचा पातेरा आनू."

चार दिवस आम्ही पातेरा, म्हणजे झाडांखाली गळून पडलेला पाला, वेचला. गावात सर्वांत शेवटी त्यांचा राब पेटला, तोही पातळसर. धुराने माझे डोळे चुरचुरत होते. तेवढ्यात राख सारखी करता करता त्यांनी मान वर केली.

"आता सांगा, मास्तर. जंगल कदी आपला व्हनार?"

या खेपेला मी खाली वाकून त्यांच्याबरोबर राख सारखी करू लागलो. तो वास आला की मी अजून त्या प्रश्नासमोर उभा असतो.