न्हाणीघरातली टाकी

चौकीत त्यांना सगळे टकटकबाई म्हणत. टाईपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, पण बाईंची बोटं जुन्याच जोरात आपटायची, म्हणून नावही टिकलं. काम एकच. साहेबांनी विचारायचं, समोरच्याने सांगायचं, बाईंनी जबाब टाईप करायचा. सत्तावीस वर्षं हेच. घरी नवऱ्याने "जेवलीस का?" म्हटलं, तरी डोक्यात आधी "मी जेवले आहे" असं टाईप होतं आणि मग तोंड उघडतं, असं त्या स्वतःच हसून सांगायच्या.

चौकीची रीत अशी, की जबाबात सांगणाऱ्याचंच बोलणं यायचं, साहेबांचे प्रश्न नाही. बाईंना शिकवणारा म्हातारा कारकून म्हणाला होता, "प्रश्न म्हणजे कच्चा टाका. कपडा शिवून झाला की ओढून काढायचा." बाईंना शिवण येत होतं, चटकन पटलं. त्यांनी हजारो जबाब शिवले आणि एकातही कच्चा टाका दिसू दिला नाही.

त्यातलाच एक नळवाल्याचा.

हा माणूस घरोघर नळ दुरुस्त करायचा. हातात पान्हा आणि तोंडात कायम "हो". गिऱ्हाईक म्हणालं पाईप वाकडा बसलाय, हो. गिऱ्हाइकाची बायको म्हणाली सरळ आहे, तर तिलाही हो. "यांच्या तोंडात 'नाही' घालायचं देव विसरला," असं घरची म्हणायची.

एका सकाळी तो एकट्या राहणाऱ्या म्हातारीचा गळका नळ बघून गेला. दुपारी म्हातारी मेलेली सापडली, डोक्याला मार. कपाटातलं सोन्याचं घड्याळ नव्हतं. पोलिसांना ते न्हाणीघरातल्या टाकीत, पाण्याखाली मिळालं. ही गोष्ट त्यांनी बाहेर फुटू दिली नाही.

साहेबांनी नळवाल्याला दहाला समोर बसवलं. साहेब मारणारे नव्हते, हे सांगायलाच हवं. आवाज चढवला नाही, दोनदा चहा पाजला. पण मनात उत्तर आधीच ठरलेलं. तूच केलंस ना? दुसरं कोण आलं होतं मग? म्हणजे तूच ना? हेच दळण चार वाजेपर्यंत. चारला नळवाल्याने मान टाकली. "हो साहेब."

"घड्याळ टाकीत टाकलंस ना?"

"हो साहेब."

"कुठल्या टाकीत?"

"गच्चीवरच्या."

"गच्चीवर कशाला मरायला जाशील? न्हाणीघरातल्या टाकीत. आठव जरा."

"हो साहेब. न्हाणीघरातल्या."

बाईंना वाटलं, बिचारा गोंधळलाय. गच्ची त्यांनी टाईपच केली नाही. कागदावर आलं ते असं: मी घड्याळ न्हाणीघरातल्या टाकीत लपवले. सरकारी वकील कोर्टात म्हणाले, हे करणाऱ्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? न्यायाधीशांना पटलं. जन्मठेप झाली.

सहा वर्षांनी साहेब निवृत्त झाले आणि नव्या मॅडम आल्या. त्यांची तऱ्हाच वेगळी. टेबलावर रेकॉर्डिंगचं यंत्र, प्रश्नासकट सगळं त्यात. एका चोरीच्या तपासात दूधवालीला बोलावलं होतं. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही काय पाहिलंत ते पहिल्यापासून सांगा. मला काही माहीत नाही असं समजा." आणि गप्प बसल्या. इतक्या गप्प, की दारातला हवालदार पुटपुटला, "डोळा लागला की काय यांचा?" बाईंची बोटं नुसती वळवळत होती. मग दूधवाली आपणहून बोलू लागली, आणि कोणाच्या स्वप्नातही नव्हतं ते सांगून गेली.

त्या दिवशी बाईंनी नळवाल्याचा जबाब मनातल्या मनात परत टाईप केला, प्रश्नांसकट. नळवाला सहा तासांत आपणहून एकच शब्द बोलला होता. गच्ची. तोच त्यांनी गाळला होता.

बाई निवृत्त साहेबांच्या घरी गेल्या. साहेब कुंड्यांमधली माती उकरत बसले होते.

"मी त्याला बोट तरी लावलं होतं का?"

"नाही साहेब."

"चहा दिला होता की नाही?"

"दोनदा."

"मग?"

"गच्ची मी गाळली साहेब."

"जबाबावर तुझीही सही आहे. माझं काय, मी सुटलो. तू नोकरीत आहेस, तूच अडकशील." मग हळूच म्हणाले, "तो गच्ची म्हणाला होता? मला आठवतच नाही बघ."

साहेब खोटं बोलत नव्हते. बाईंना तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या मॅडमच्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसल्या. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. ती खुर्ची एका पायाने डुगडुगते हेही त्यांना तेव्हाच कळलं.

"मॅडम, मी काय सांगू म्हणजे तो नळवाला सुटेल?"

"ते मी सांगितलं, तर तुमच्या जबाबाला अर्थ काय राहिला?"

बाईंना सगळं छातीठोक सांगायचं होतं. पण आठवून पाहिलं तर बराचसा दिवस पुसून गेलेला. "गच्ची पक्कं," त्या म्हणाल्या. "बाकीचं शपथेवर नाही सांगता येत."

मॅडम तुरुंगात जाऊन आल्या त्या उतरल्या चेहऱ्याने. "तो म्हणतो मीच केलं. न्हाणीघरातली टाकी, सगळं घडाघडा. जबाब पाठ झालाय त्याला."

"गच्चीचं विचारलंत का?"

"नाही. विचारलं असतं तर हो म्हणाला असता."

म्हणजे नळवाल्याच्या बाजूने आता नळवालासुद्धा उरला नव्हता. वरच्या कोर्टात एकट्या बाई उभ्या राहिल्या. वकिलाने विचारलं, "सहा वर्षं झोपला होतात?" बाई म्हणाल्या, "हो." लोक हसले. पण कोर्टाने तो जबाब रद्द ठरवला आणि त्याच्याशिवाय हातात काही नव्हतंच. नळवाला सुटला. बाईंना घरी बसवलं. म्हातारीला कोणी मारलं, ते आजतागायत कळलेलं नाही.

महिन्याभराने बाई नळवाल्याच्या घरी गेल्या. त्याच्या बायकोने दार उघडलं. "या म्हणायला जीभ वळत नाही," ती म्हणाली आणि बाजूला झाली. नळवाला खिडकीजवळ बसला होता, हात मांडीवर, जणू कोणी बसवून ठेवलंय.

"दादा, तुम्ही ते घड्याळ लपवलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"हो बाई."

"म्हणजे नव्हतं ना लपवलं?"

"नव्हतं बाई." तोच आवाज, तीच मान.

बायको म्हणाली, "काल शेजारीण विचारत होती, तूच केलंस ना रे? तिलाही हो म्हणाले."

 आपणही आत्ता साहेबांसारखंच केलं, हे बाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि खाली बसल्या.

"त्या सकाळचं जे आठवतं ते सांगा दादा. नसेल आठवत तर नाही म्हणा."

त्याच्याऐवजी बायकोने तोंड उघडलं, तसा बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. भिंतीवरचं घड्याळ नऊवरून सव्वानऊवर आलं. बाईंच्या जिभेवर दहा प्रश्न येऊन गेले, दहाही त्यांनी गिळले.

"नळ गळत होता," तो म्हणाला. पुढे म्हणाला, "म्हातारी म्हणाली, त्या टपटपीने झोप येत नाही." मग त्याने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. "बरोबर ना?"

"मला काय माहीत दादा," बाई म्हणाल्या. "मी तिथं नव्हते."