सईचा नंबर लागला नाही

मंडळी, आज दुपारी इथे आखातात, आमच्या बौशरच्या घरात सगळे मोबाइलभोवती बसलो होतो. शाळाप्रवेशाची लॉटरी होती. माझ्या पुतणीचं, सईचं नाव आलंच नाही.

"आणि मुलाखत?" वहिनीने विचारलं.

"मुलाखत नसतेच म्हणे. कॉम्प्युटर नावं काढतो, खलास," दादा म्हणाला.

त्या मुलाखतीसाठी आम्ही वर्षभर घरात मराठी बंद ठेवली होती. सईला 'पाणी'सुद्धा म्हणू दिलं नव्हतं.

दुसरी शाळा परवडत नाही. आता वहिनी तिला घेऊन चिपळूणला तिच्या आजीकडे जाणार, दादा इथे एकटा राहणार.

सई मघाशी मला हळूच म्हणाली, "काका, विल आजी अंडरस्टँड मी?"