सरबत म्हणून सांगितलेली व्हिस्की सावर

कुडाळच्या एस.टी. स्टँडवर आईनं खिडकीतून माझा हात धरला, तो गाडी हलेपर्यंत सोडला नाही. "मुंबैत काय व्हया ता कर," ती म्हणाली, "पण दारूच्या वासाक उभो रवू नको." तिचा धाकटा भाऊ दारूनं गेला होता. मी मान डोलावली.

आणि सहा महिन्यांत मी कुठे उभा? अंधेरीला, विमानतळाजवळच्या हॉटेलात, बारच्या आत!

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघालेल्यांनो, पत्रात सगळं लिहिता येत नाही हे तुम्हाला सांगायला नको. मी लिहिलं, 'हॉटेलात सरबतं करतो.'

तसं अगदीच खोटं नव्हतं. आमचे मुख्य बारमन पास्कल अंकल, गोव्याचे. त्यांनी मला पहिली शिकवली ती व्हिस्की सावर. दोन माप व्हिस्की, एक माप लिंबाचा रस, त्याहून जरा कमी साखरेचा पाक आणि अंड्यातलं पांढरं. "आधी बर्फाशिवाय हलव रे, फेस धरू दे. मग बर्फ टाक." हे खलाशांचं पेय, असं ते सांगत. लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सुजायच्या, म्हणून जहाजावर लिंबाचा रस देत. तो दारूत पडला, जोडीला साखर आली. त्या दारूच्या जागी व्हिस्की नंतर अमेरिकेत आली. माझे बाबाही बोटीवर खलाशी होते, त्यामुळे मला ही गोष्ट घरचीच वाटायची.

तीन वर्षांनी माझी बहीण सुमन हिचं लग्न ठरलं. सासर मालाडचं, हॉलही तिथलाच. गावाहून सगळे आले. आईनं माझ्याकडे बोट दाखवत व्याह्यांना ठणकावून सांगितलं, "सरबत आमचो झील करतलो. मोठ्या हॉटेलात ह्याच काम करता तो!"

झाली ना माझी पंचाईत! पण केलं. व्हिस्की वगळली, अंडंही. लिंबू, पाक, चिमूटभर मीठ, बर्फ. स्टीलच्या मोठ्या डब्यात घालून खांद्याजवळ धरला आणि हलवत सुटलो. नवरदेवाचे मित्र म्हणाले, "झकास रे! अजून एक." रांग लागली. मलाही चेव आला.

बाबा शेजारी येऊन माझ्या मनगटाकडे बघत राहिले.

"हे हात सरबताचे नाय," ते हळूच म्हणाले. "बोटीर सायबांच्या बारात बघलंय मी. खरा सांग."

मी सांगितलं. डबा हातात गार पडला होता.

"तू पितंस?"

"नाय बाबा. थेंब नाय."

"मगे आवशीक तूच सांग. आजच."

पंगती उठल्यावर आईला सगळं सांगितलं, थेंबही पीत नाही हेसुद्धा. तिनं ऐकलं आणि सामान बांधायला घेतलं. गावी गेली, आणि वर्षभर तिनं पत्रात माझ्या कामाचा शब्द काढला नाही.

मग एका मे महिन्यात ती मरोळला माझ्या चाळीतल्या खोलीवर राहायला आली. पोचून तासही झाला नव्हता. शेजारच्या शहाबेननी विचारलं, मुलगा काय करतो? मी आतून ऐकत होतो.

"बारात आसा," आईनं दारातूनच सांगितलं, चाळभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "सायबांका दारू करून देता. सोता पियत नाय. बरो हा माझो झील."

तोवर मी पत्रात 'खोलीवर सर्व ठीक' असं लिहायचो. त्या पावसाळ्यात बाबांना लिहिलं, 'आई माझ्या घरी मजेत आहे.'