फोटोतला नंबर

"गाडी त्या दिवशी दारातच होती. आणखी किती वेळा सांगू?"

भाटकर काकांचा आवाज चढला आणि लगेच उतरलाही. ते खुर्चीत मागे टेकले. काकूंनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि त्या दारापाशीच उभ्या राहिल्या.

मी मोटर क्लेम इन्व्हेस्टिगेटर आहे. अपघात झाला की विमा कंपनी माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला पाठवते. कागदावर लिहिलंय तसंच घडलं का, एवढंच मी बघायचं. गुन्हेगार कोण हे ठरवणं माझं काम नाही. पण समोर बसलेल्या माणसाला ते पटत नाही. त्याला मी पोलिसांचीच वाटते.

कागदावर होतं ते असं. संगीता गुरव ही अंगणवाडीतली मदतनीस पालीच्या पुढे हायवेच्या कडेने घरी चालली होती. मागून आलेल्या पांढऱ्या गाडीने तिला उडवलं. गाडी थांबली नाही. संगीताच्या मांडीचं हाड मोडलं. पुढच्या पेट्रोल पंपाच्या सीसीटीव्हीत ती गाडी मागून दिसली. नंबर स्पष्ट होता, आणि तो भाटकर काकांच्या गाडीचा होता. मॉडेल तेच, रंगही तोच.

काका बँकेत क्लार्क होते, आता निवृत्त. समुद्राकाठच्या मांडवीत राहतात, तिथे सगळे ओळखणारे. पोलिसांनी गाडी नेली तेव्हा अख्खी आळी गॅलरीत उभी होती.

"त्या दिवसापासून हे समुद्रावर फिरायला जात नाहीत गो," काकू मला म्हणाल्या. "कोणी विचारलं तर काय सांगायचं?"

"गाडी घरी होती, हे कोणी पाहिलं?" मी विचारलं.

"मी. आणि हिने."

घरच्यांची साक्ष चालत नाही असं नाही. पण तिला वजन कमी.

बाहेर पडून मी विमा कंपनीच्या ऑफिसला फोन केला. भरपाईचे दावे बघणारे क्लेम्स मॅनेजर कोल्हापूरला बसतात.

"नंबर मॅच होतोय ना मॅडम?"

"होतोय सर. पण गाडीला पुढून मार नाही, असं मालक म्हणतोय."

"काढून घेतला असेल डेंट. वेगळं काही सिद्ध होत असेल तर सांगा, नाहीतर रिपोर्ट पाठवा. फाइल लटकवू नका."

पोलीस स्टेशनला फौजदारांनी मला फुटेज दाखवलं. पंपाच्या दिव्यांखालून गाडी सरकन जाते, एवढंच. मी ते थांबवून, पुढे-मागे करून बघितलं. मग आवारात जाऊन भाटकरांची गाडी बघितली. पुढचा बंपर मूळचाच होता, रंगही कंपनीचा. मागे गेले आणि थबकले. काहीतरी कमी होतं. परत आत येऊन मी फुटेज लावायला सांगितलं.

पळालेल्या गाडीच्या मागच्या काचेवर वायपर होता. भाटकरांच्या गाडीला मागे वायपरच नव्हता.

इथे थोडं सांगायला हवं. एकाच मॉडेलचे तीन-चार प्रकार निघतात. त्यांना व्हेरिएंट म्हणतात. बाहेरून गाडी सारखीच दिसते, पण स्वस्त व्हेरिएंटला काही गोष्टी नसतात. मागचा वायपर त्यातलीच एक. भाटकरांची गाडी सगळ्यात खालच्या व्हेरिएंटची होती.

"काढून टाकला असेल," फौजदार म्हणाले.

"वायपर काचेतून बाहेर येतो साहेब. काढला तर भोक राहतं."

"मग काचच बदलली असेल. मुंबईत एका दिवसात होतं हे काम."

त्यांचं बरोबर होतं. काच आज कशी आहे हे दाखवून भागणार नव्हतं. ती अपघाताच्या आधीही अशीच होती, हे दाखवायला हवं होतं.

मी पुन्हा मांडवीला गेले आणि काकांना विचारलं, "तुमच्याच गाडीचा नंबर कोणीतरी उचललाय असं दिसतंय. कुठून मिळाला असेल?"

उत्तर काकूंनी दिलं.

"गाडी विकायला काढली होती ना आपण. केतकीने फोटो टाकले होते."

केतकी त्यांची मुलगी, पुण्यात असते. तिने गाड्यांच्या खरेदी-विक्रीच्या एका साइटवर जाहिरात टाकली होती. मोबाइलवर ती अजून दिसत होती. समोरून, बाजूने, मागून, सगळे फोटो भर उन्हात काढलेले. नंबर तर इतका ठसठशीत की चष्म्याशिवाय वाचावा.

"नंबर झाकूया असं ती म्हणत होती," काका हळू आवाजात म्हणाले. "मीच नको म्हटलं. झाकलेला नंबर बघून गिऱ्हाईकाला वाटतं, गाडीत काहीतरी भानगड आहे. आपलं सगळं सरळ आहे, लपवायचं कशाला?"

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. नंबर रोज रस्त्यावर हजार लोक बघतात. पण रस्त्यावरची गाडी निघून जाते. जाहिरातीत ती उभी असते, मॉडेल, रंग आणि गावासकट. एखाद्याला आपल्या पांढऱ्या गाडीला दुसरा नंबर लावायचा असला, तर त्याला तशीच पांढरी गाडी शोधावी लागते. इथे ती शोधून तयार होती. जुन्या पद्धतीची, सरकारी होलोग्राम नसलेली साधी नंबरपाटी कुठेही बनवून मिळायची.

मी मागून काढलेला फोटो मोठा करून बघितला. काच कोरी. वायपर नाही, भोक नाही. आणि जाहिरात अपघाताच्या कितीतरी आधीची.

केतकीकडून तारखेसह मूळ फोटो मागवले आणि ते फौजदारांना दाखवले.

"ही गाडी त्यांचीच कशावरून?" असं त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. काचेखाली नंबर होता.

त्या क्षणी मला जरा विचित्रच वाटलं. केतकीचं ऐकून नंबर झाकला असता, तर काका कदाचित यात अडकलेच नसते. पण अडकल्यावर त्यांना सोडवलं तेही न झाकलेल्या नंबरानेच.

आरटीओच्या इन्स्पेक्टरने गाडी तपासली आणि मागची काच मूळचीच असल्याचं लिहून दिलं. काकांची गाडी सुटली. मॅनेजर खूश झाले.

"छान काम केलंत. आपली लायबिलिटीच नाही."

लायबिलिटी म्हणजे जबाबदारी. गाडीने कोणाला इजा केली, तर त्याची भरपाई त्या गाडीची विमा कंपनी देते. इथे धडक देणारी गाडी भाटकरांची, म्हणजे आमच्या कंपनीने विमा उतरवलेली, नव्हतीच.

"त्या बाईचं काय सर?"

"ते आपल्या रिपोर्टमध्ये येत नाही मॅडम."

खरंच येत नाही. तरी मी संगीताच्या घरी गेले. ती खाटेवर पाय लांब करून बसली होती. तिचा नवरा मुंबईहून रजा काढून आला होता. मी सगळं सांगितलं. संगीताने शांतपणे ऐकून घेतलं.

"त्या काकांना सोडवलंत," ती म्हणाली. "आता मी कोनाकडे बघायचं?"

नवरा म्हणाला, "मॅडमवर काय चिडायचं? त्यांचं कामच ते."

त्याने माझी बाजू घेतली, आणि तेच मला जास्त लागलं.

गाडी सापडत नसेल तर सरकारची हिट अँड रनसाठी भरपाईची योजना आहे. तिचा अर्ज कुठे द्यायचा, कुठले कागद लागतात, हे मी त्यांना समजावलं. विमा कंपनीकडून मिळाली असती त्यापेक्षा ही रक्कम फार कमी, हेही सांगितलं. पुढे ती मंजूर झाली. संगीता अंगणवाडीत परत जाते, पण काठी घेऊन. ती पांढरी गाडी आजपर्यंत सापडलेली नाही.

गाडी विकताना फोटोतला नंबर झाकावा का, असं आता लोक मला विचारतात. मी सांगते, झाका. गिऱ्हाईक खरंच घेणार असेल तर ते दारात येऊन बघेल. आणि नंबरासकट चारी बाजूंनी काढलेले फोटो स्वतःकडे ठेवा, तारखेसह.

पण एवढ्याने निर्धास्त होऊ नका. संगीताला उडवणाऱ्यानेही नंबर झाकलेला नव्हता. नंबर सगळ्यांना स्पष्ट दिसत होता. फक्त तो त्याचा नव्हता.