मोजणीत पहिली आलेली जोडी

मोजणीसाहेब येणार म्हटल्यावर बांधकामावर एकच गडबड उडाली. कोण तासाला किती भिंत उभी करतं, ते तो घड्याळ लावून बघणार होता. त्यात कुणीतरी पुडी सोडली, की संथ जोड्या फोडणार. झालं! विटा देणाऱ्या वहिनीनं धसकाच घेतला. नवरा गवंडी, ती त्याच्या हाताखाली. लग्न झाल्यापासून दोघं एकाच भिंतीला. तो मागे न बघता हात करायचा आणि वीट हातात यायची. घरी मिठावरून वाजायचं, पण बांबूच्या परांचीवर चढल्यावर अवाक्षर बोलायची गरज नसायची.

"अहो, आज हातचं राखू नका," ती म्हणाली.

"तू मागे पडू नकोस म्हणजे मिळवलं."

जीव तोडून बांधली त्यांनी भिंत. पहिले आले, आणि तिथंच घात झाला. साहेब खूश होऊन म्हणाला, "इतकी चांगली माणसं एकाच भिंतीला कशाला अडकवायची? वेगळी केली तर दोन जोड्या सुधारतील." नवऱ्याची रवानगी दूरच्या कामावर, आणि हिच्या वाट्याला एक डावखुरा गवंडी. घ्या! आपल्याच हातांनी पायावर धोंडा मारून घेतला. नाही म्हणावं तर दोघांचंही काम जाणार, मग बोलणार काय, कपाळ?

संध्याकाळी फोनवर तो "जेवलीस का?" विचारायचा, ती "हो" म्हणायची आणि बोलणं तिथंच संपायचं. त्याची इतकी आठवण यायची, की तिला रडू येण्याआधी रागच यायचा. आधी साहेबाचा, मग स्वतःचा.

डावखुरा माणूस भला होता. वीट पडली की "असू दे ताई" म्हणायचा. त्याला वीट डावीकडून, जरा वर लागायची. हळूहळू जमलं. पुढच्या मोजणीला तर साहेबानं हिची पाठच थोपटली, तेव्हा तिला चोरी पकडली गेल्यासारखं झालं. नवऱ्याला तिनं त्यातलं काही सांगितलं नाही.

तिकडचं काम संपलं आणि तो परत आला. वहिनीनं साहेबाच्या मागे भुणभुण लावून एक भिंत दोघांसाठी मागून घेतली. "बघू, मोजून ठरवू," साहेब म्हणाला. त्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी परांचीवर हजर.

त्यानं सिमेंटचा माल पसरला, मागे हात केला. तिनं वीट दिली, ती डावीकडे, वर. वीट खाली पडून फुटली.

"अगं, कुठं देतेस?" तो हसला. "विसरलीस की काय मला?"

तिचा चेहरा उतरला. दुसरी वीट तिनं अगदी जपून, पूर्वीच्या जागी, त्याच्या खांद्याजवळ धरली. पण त्याचा हात तिथं नव्हताच. तो खाली, गुडघ्यापाशी, वाट बघत होता. हे मात्र तिच्या मनातही आलं नव्हतं.

"तिकडे विटा कोण द्यायचं हो?"

"एक म्हातारी मावशी होती. तिचा हात वर जात नसे." त्यानंही आता आपल्या हाताकडे पाहिलं, आणि त्याचं हसू मावळलं.

खाली साहेब घड्याळाकडे बघत उभा होता.

"बंद करा ते, साहेब!" ती वरून ओरडली. "आज आमचं मोजू नका!"